आकडा कालचा, शिंक आजची

मोबाइलवर 'आज परागकण: मध्यम' असं हिरव्या-पिवळ्या पट्टीत दिसतं, तेव्हा बऱ्याच जणांची समजूत अशी असते की कुठेतरी एक यंत्र आत्ता, या क्षणी, हवा हुंगतंय. मी हे कण मोजायचं काम करते, म्हणून सांगते: बहुतेक ठिकाणी असं काही नसतं. जो खरोखर मोजलेला आकडा असतो तो कालचा, नाहीतर गेल्या आठवड्याचा. आणि जो आजचा किंवा उद्याचा असतो तो मोजलेला नसतो, हवामानावरून काढलेला असतो. काही अ‍ॅप तर जवळपास एकही मोजणी केंद्र नसताना खुशाल रंग दाखवतात.

आमचं यंत्र गच्चीवर असतं. हर्स्ट नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने 1952 मध्ये त्याची रचना प्रसिद्ध केली, तीही माणसांच्या नाकासाठी नव्हे, पिकांवरच्या बुरशीचे बीजाणू पकडायला. मिनिटाला 10 लिटर हवा ते ओढून घेतं, म्हणजे शांत बसलेला माणूस साधारण घेतो तेवढीच. आत एक ढोल असतो, त्यावर चिकट टेप. ढोल तासाला 2 मिलिमीटर सरकतो, आठवड्यात एक फेरी पुरी करतो. मग तो टेप उतरवायचा, दिवसाचे 48 मिलिमीटरचे तुकडे कापायचे, गुलाबी रंग द्यायचा आणि मायक्रोस्कोपखाली डोळे फोडत बसायचं. सगळा टेप कुणी मोजत नाही. ठरावीक रेघा मोजायच्या आणि गुणाकार करून दर घनमीटरला किती ते काढायचं.

गवताचा कण ओळखायला सोपा. गोल, गुळगुळीत, एकच भोक आणि भोकाभोवती जाडसर कडा. पाइनला दोन्ही बाजूंना हवेच्या पिशव्या असतात. दिसायला मोठा, पण तो फारसा कुणाला त्रास देत नाही. अडचण अशी की सगळी गवतं जवळपास सारखीच दिसतात. त्यामुळे आमच्या तक्त्यात 'गवत' हा एकच रकाना. तुम्हाला त्यातलं नेमकं कोणतं बाधतं, ते माझ्या स्लाइडवरून कळणार नाही. (आणि हो, बागेतल्या भडक, वासाच्या फुलांवर उगाच आळ घेऊ नका. त्यांचे कण जड, चिकट, कीटकांच्या पायांवरून जाणारे. नाकात जातात ते वाऱ्यावर सोडलेले, आणि ती फुलं बहुधा कुणाच्या नजरेतही भरत नाहीत.)

शहरातून नदी जात असेल तर गच्चीवरचा एक आकडा साऱ्या शहराला लावणं आणखीच अवघड. पूर ओसरला की काठावरच्या ताज्या गाळात सगळ्यात आधी कोण शिरतं, तर तण आणि गवत. सकाळी काठावर दव असतं, तोवर परागकोश ओले आणि मिटलेले. ऊन चढलं, सगळं सुकलं की ते फुटतात आणि कण तापलेल्या हवेबरोबर वर जातात. चार्ल्स ब्लॅकली या मँचेस्टरच्या डॉक्टरला स्वतःलाच परागकणांमुळे शिंकांचा त्रास होता. त्याने पतंगाला चिकट काचा बांधून वर सोडल्या, तर खालच्यापेक्षा वरच्या काचांवर जास्त कण सापडले. 1873 मध्ये त्याने हे छापलं. संध्याकाळी हवा गार होते, जड होऊन खोलगट भागात उतरते आणि दिवसभर वर गेलेलं बरंचसं खाली येतं. त्यामुळे 'सकाळी कमी, संध्याकाळी काठावर जास्त' असं कुणी सांगितलं तर मला नवल वाटत नाही. दिवसाच्या सरासरीत हे सगळं पुसलं जातं.

मग अंदाज कुचकामी का? मुळीच नाही. फक्त आपण त्यातलं चुकीचं बघतो. मागच्या वर्षांचे टेप, थंडीनंतर साठत गेलेली उष्णता, वारा, पाऊस यांवरून हंगाम कधी सुरू होईल हे बऱ्यापैकी सांगता येतं, आणि खरा उपयोग तोच. नाकात मारायच्या स्टिरॉइड स्प्रेला पुरता गुण यायला दिवस लागतात. म्हणून हंगामाच्या एक-दोन आठवडे आधी तो सुरू करायला डॉक्टर सांगतात. शिंका सुरू झाल्यावर रोज रंग बघत बसण्यात काय हशील? शिवाय हंगामाच्या शेवटी नाक इतकं हुळहुळं झालेलं असतं की थोडेसे कणही पुरतात. तेव्हा पट्टी हिरवी असून डोळे चुरचुरले तर पट्टी खोटी नसते आणि तुम्हीही नसता.

पावसाचं मात्र नीट समजून घ्यावं. संथ पाऊस हवा धुतो, हे खरं. वादळी पावसाआधीचा झोत वेगळा. 21 नोव्हेंबर 2016 ला मेलबर्नमध्ये गवताचे कण भरपूर असताना वादळ आलं. ओलाव्याने कण फुटतात आणि त्यांतून निघणारे अतिसूक्ष्म तुकडे नाकात न अडकता थेट फुप्फुसात उतरतात, असं त्याचं स्पष्टीकरण दिलं जातं. हजारो लोक दवाखान्यांत पोचले, दहा जण दगावले. कित्येकांना आधी दम्याचं निदानच झालेलं नव्हतं, फक्त मोसमी शिंका होत्या. त्यानंतर तिथे अशा वादळांसाठी वेगळा इशारा देऊ लागले. गवताच्या दिवसांत गडगडाट ऐकू आला की मी खिडक्या लावते आणि दमेकऱ्यांना पंप जवळ ठेवायला सांगते.

आमच्या टेपवर आणखी एक पाहुणा असतो, त्याला पट्टीत सहसा जागा नसते: बुरशी. त्यातल्या अल्टरनेरिया नावाच्या बुरशीचा बीजाणू गदेसारखा, आत आडव्या-उभ्या भिंती, टोकाला चोच. पाण्याकाठचा पालापाचोळा भिजतो, कुजतो, मग ऊन-वारा लागला की हे उडतात. शेजारच्या काकू वहीत रोज दोन शब्द लिहायच्या: 'बरं', 'शिंका', 'डोळे', 'रात्री खोकला'. ती वही मी आमच्या तक्त्याशेजारी ठेवली. गवताच्या रकान्याशी काहीच जुळेना; अल्टरनेरियाच्या रकान्याशी मात्र बरंच जुळलं. तेवढ्यावर निदान होत नाही, म्हणून वही घेऊन त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं आणि त्वचेवरची चाचणी बुरशीचीही करून घ्या म्हटलं. बाधत होती ती बुरशीच, असं चाचणीत निघालं. आता जिन्यात भेटल्या की परागकणांचं नावही काढत नाहीत. 'बुरशीचं काय म्हणतंय?' एवढंच विचारतात, आणि मला कबूल करावं लागतं की या आठवड्याचा टेप अजून उतरवलेला नाही.