आमची वाटचाल : घुंई न येणारा अँप्लिफायर

अमळनेरात दुकान टाकलं तेव्हा कॅसेटचा जमाना होता. रेडिओ-टेप दुरुस्ती करायचो आणि जोडीला टीडीए २०३० आयसीवर छोटे अँप्लिफायर बनवून विकायचो, गिऱ्हाईक म्हणजे भजनी मंडळं, कानबाईच्या उत्सवाला स्पीकर लावणारी पोरं आणि मांडववाले. तेव्हा बाजारातला कुठलाही जोडलेला अँप्लिफायर घ्या, बटण दाबलं की आधी घुंई यायची मग भजन. लोकांना वाटायचं मशीन म्हटल्यावर एवढं चालायचंच.

आमचा धंदा उभा राहिला तो ही घुंई घालवल्यावर, वॅट वाढवून नाही. सगळा खेळ ग्राउंडच्या, म्हणजे करंट परत येण्याच्या वायरींचा आहे. आता हिशोबच बघा ना, ८ ओहमच्या स्पीकरला १०० वॅट दिले की साडेतीन अँपिअर करंट परत येतो, त्याच्या वाटेत ०.०१ ओहम जरी असला तरी ३५ मिलिव्होल्ट तयार होतात, आणि माईकचा सिग्नल मुळात दोन-चार मिलिव्होल्टचा. दोघांना एकाच वायरीवरून आणलं तर काय होणार? म्हणून आमच्याकडे स्पीकरची काळी वायर बोर्डावर जातच नाही, थेट सप्लायच्या फिल्टर कपॅसिटरनंतरच्या स्टार पॉइंटला, म्हणजे सगळी ग्राउंड जिथे एकत्र येतात त्या जागेला. इनपुटचं आरसीए सॉकेट प्लास्टिक वॉशर घालून डब्याच्या पत्र्यापासून वेगळं ठेवतो, त्याचं ग्राउंड शील्ड वायरनेच बोर्डाला, आणि तिथून मेन ग्राउंडला १० ओहमचा रेझिस्टर. पहिला पीस एका भजनी मंडळाला दाखवला तर बुवा स्पीकरला कान लावून विचारतात, "चालू शे का बंद शे?" तीच आमची जाहिरात, पुढची ऑर्डर त्यांच्या व्याह्यांच्या गावाहून आली.

आवाज कुठला ते कानानेही कळतं बरं का. जाडसर ५० हर्ट्झ असेल तर बहुतेक ग्राउंड लूप, म्हणजे ग्राउंड दोन वाटांनी जोडलंय, नाहीतर ट्रान्सफॉर्मर जवळ बसवलाय, आणि खरखरीत १०० हर्ट्झ असेल तर रेक्टिफायरचा (एसीचं डीसी करणारा भाग) कपॅसिटर चार्ज करणारा करंट सिग्नलच्या ग्राउंडमधून फिरतोय.

एका गोष्टीवरून मात्र गिऱ्हाईकं तोडलीत. घुंई जाते म्हणून प्लगची तिसरी पिन कापून द्या म्हणायचे, काही मेकॅनिक कापूनही द्यायचे. आम्ही नाही. मांडवात ओली जमीन, वर जनरेटर, हातात लोखंडी माईक, आणि ट्रान्सफॉर्मर शॉर्ट झाला तर पत्र्यात करंट! अर्थिंग चेसिसला, म्हणजे त्या पत्र्याच्या डब्याला थेटच, पॉलिश पेपरने रंग खरवडून, रिंग लग आणि दातेरी वॉशर लावून. नवा पोरगा कामाला लागला की आधी हेच शिकतो. मिक्सर आणि अँप्लिफायर लांब लांब असतील तर दोघांची लाईट एकाच प्लगच्या बोर्डावरून घ्या म्हणतो, तरी घुंई नाही गेली तर सिग्नलच्या वायरीत मध्ये ऑडिओचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, पण अर्थ तोडायचा नाही.

हल्ली सगळ्यांना ब्लूटूथ पाहिजे. ते मॉड्यूल त्याच सप्लायवर लावलं की चर्र-टिकटिक सुरू, कारण त्याचा करंटही ऑडिओच्याच ग्राउंडमधून परततो. आता आम्ही त्याला बी०५०५एस हा वेगळा सप्लाय देतो, म्हणजे सप्लायचं ग्राउंड वेगळं ठेवणारं छोटं ५ व्होल्टचं मॉड्यूल. थोडे पैसे वाढतात, गिऱ्हाईक कुरकुरतं, मग दोन्ही सेट शेजारी ठेवून काहीच न लावता व्हॉल्यूम फुल करून दाखवतो. बहुतेक जण महागाचाच नेतात.