चष्मा माझाच, खर्चही माझाच

आज अख्खी दुपार सीए ताईंसमोर इन्कम टॅक्सच्या रिटर्नसाठी बिलांची पिशवी घेऊन बसले होते. भाषांतराची कामं घरून करते, त्यामुळे घरखर्च कुठे संपतो आणि धंद्याचा कुठे सुरू होतो, यावर आमची चांगलीच जुंपली.

डॉक्टर, वकील, आर्किटेक्ट मंडळींचं बरंय. आयकर कायद्याचं 44एडीए कलम लावायचं, जमेचा निम्मा भाग नफा दाखवायचा, बिलं सांभाळायची कटकट नाही. त्या यादीत सिनेमाचे संवादलेखकसुद्धा आहेत, भाषांतरकार मात्र नाहीत! का, ते सरकारलाच ठाऊक. म्हणून आम्ही प्रत्यक्ष खर्च दाखवतो.

इंटरनेट, वीज कामापुरतीच धरायची, अख्खं बिल नाही. डिसेंबरात घेतलेल्या 60,000 च्या लॅपटॉपचे सगळे पैसे यंदाच वजा होतील अशी आशा होती. ताईंनी कॅलक्युलेटर माझ्याकडे वळवला: घसारा (वापराने वस्तूची दरवर्षी घटणारी किंमत, तेवढीच वजा होते) 40 टक्के, पण वर्षात 180 दिवसांपेक्षा कमी वापर, म्हणून त्याचा निम्मा. 12,000. बाकीचं पुढच्या वर्षांत, हप्त्याहप्त्याने.

मग मी चष्म्याचं बिल हळूच पुढे सरकवलं. स्क्रीनकडे बघूनच नंबर वाढलाय ना! "सिरियल बघताना काढून ठेवतेस का?" ताईंनी विचारलं. बिल परत पिशवीत.

क्लायंटने पैसे देतानाच कापलेला 10 टक्के कर, म्हणजे टीडीएस, मात्र 26एएसमध्ये (माझ्या नावावर जमा झालेल्या कराच्या सरकारी उताऱ्यात) नीट दिसतोय. रिफंड निघेल असं त्या म्हणाल्यात. आला की चष्म्याचे पैसे तरी सुटतील.