रिपेअर की रिडेव्हलपमेंट

ठाण्यात, आमच्या नौपाड्यात सध्या दोन ओळखीची माणसं भेटली की तिसऱ्या वाक्याला एक प्रश्न येतोच : "तुमची कधी जातेय?" जातेय म्हणजे बिल्डिंग. मग कॉर्पस (बिल्डरनं द्यायची एकरकमी रक्कम) किती, भाडं किती महिन्यांचं, कार्पेट किती वाढवून देतोय, अशी गाडी पुढे सरकते. आमची अजून उभी आहे. सोसायटीच्या मीटिंगमध्ये दोन तट पडलेत, रिपेअरवाले आणि रिडेव्हलपमेंटवाले. मी कुठल्या तटात आहे ते इथं सांगत नाही, कमिटीतले लोकही वाचतात. पण ही भाषा इतकी अंगात मुरली आहे की दिवाणखान्यातला जुना कॉम्प्युटर कुरकुरायला लागला, तेव्हा घरात त्याच शब्दांत चर्चा सुरू झाली.

हा कॉम्प्युटर टेबलावरचा नव्हे, टीव्हीखालचा. आडवं काळं कॅबिनेट, पुढे डीव्हीडीचा ट्रे, मागे एचडीएमआयची वायर. २०१२ साली मी तो हौसेनं जुळवून घेतला होता. होम थिएटर पीसी म्हणायची तेव्हा पद्धत होती, आणि म्हणताना मान थोडी ताठ व्हायची. आत इंटेलचा तिसऱ्या पिढीचा आय-थ्री, डीडीआर३ रॅम आणि विंडोज सेव्हन. त्यात मीडिया सेंटर होतं, त्याचा हिरव्या बटणाचा रिमोट होता. ते बटण दाबलं की निळ्या पडद्यावर गाणी, फोटो, सिनेमे ओळीनं हजर. पाहुण्यांना मी ते आवर्जून दाखवायचो. पाहुणे "वा" म्हणायचे आणि चहाकडे वळायचे.

२०१५ मध्ये विंडोज टेन आलं आणि मायक्रोसॉफ्टनं मीडिया सेंटर काढूनच टाकलं. मी कोडी नावाच्या सिनेमे-गाणी लावायच्या प्रोग्रामवर गेलो. कोडीची जन्मकथा मजेशीर आहे. ते मुळात २००२ च्या सुमाराला पहिल्या एक्सबॉक्ससाठी, म्हणजे चक्क गेम खेळायच्या खोक्यासाठी, हौशी मंडळींनी लिहिलेलं. पुढे नाव एक्सबीएमसी झालं आणि २०१४ मध्ये कोडी. त्या खोक्याशी आज त्याचं काही नातं उरलेलं नाही, पण फुकट आहे, चालतं, आणि दर महिन्याला हप्ता मागत नाही.

आता तक्रारी. पंखा घरघरतो. मारामारीच्या सिनेमात ते खपून जातं, पण नाटकात एखाद्या पात्रानं अर्थपूर्ण पॉज घेतला की त्या पॉजमध्ये आमचा पंखा बोलतो. मदरबोर्डावरचा सेल संपलाय, त्यामुळे प्लग काढला की गडी थेट २०१२ सालात जाऊन बसतो. तारीख चुकीची म्हणून मग इंटरनेटवरच्या निम्म्या साइट त्याला दारातच उभं करतात. विंडोज टेनचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज इलेव्हन याला घरात घेत नाही. त्याला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय हवी, इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा हवा. आमची पिढी तिसरी.

हे सगळं मी चालवून घेतलं असतं. खरा खटका उडाला तो भाचीच्या लग्नाच्या व्हिडिओवर. कुणीतरी फोनवर फोरकेमध्ये काढलेला. मंगलाष्टकं ऐकू येत होती, पण अंतरपाट मध्येच थांबायचा, मग एकदम नाहीसा व्हायचा, आणि अक्षता हवेत टांगलेल्या राहायच्या. चिरंजीव म्हणाले, "बाबा, हा गेला."

गेला नाही. व्हिडिओ ठेवायची रीत बदलली. या मशीनच्या तरुणपणी सगळं एच.२६४ मध्ये असायचं, आणि ते उलगडायची सोय चिपच्या आतच होती. २०१३ मध्ये एचईव्हीसी ही नवी रीत आली. चित्राचा दर्जा तोच ठेवून फाइल जवळपास निम्मी करायची, अशी तिची ख्याती. पण निम्म्या जागेत तेच चित्र बसवायचं, तर ते परत उलगडताना हिशेब जास्त करावा लागतो. फाइलमध्ये वाचलेली जागा बघणाऱ्याच्या प्रोसेसरकडून वसूल होते. इंटेलनं दहा बिटांच्या, म्हणजे रंगांच्या जास्त छटा साठवणाऱ्या एचईव्हीसीची सोय पूर्णपणे चिपमध्ये घातली ती सातव्या पिढीत. आमच्या आय-थ्रीला ते सगळं हातानं करावं लागतं. साधं फुल एचडी असेल तर तो कसंबसं निभावतो, फोरके आलं की धापा टाकतो. म्हणजे मशीन होतं तिथंच आहे, ते हळू झालेलं नाही. त्याला दिलेलं काम वाढलं, आणि त्यालाच आपण म्हातारपण म्हणायला लागलो. (हे वाक्य मी घरात दोनदा म्हणून पाहिलं. ते मी स्वतःबद्दल बोलतोय असा सगळ्यांचा समज झाला.)

मग प्रोसेसर बदलू? इथं सोसायटीच्या मीटिंगची आठवण येते. तिथं नुसता पाइप बदलायचा ठराव आला, की पाइपासाठी भिंत फोडावी लागेल, भिंतीसाठी प्लास्टर, आणि प्लास्टर करतोच आहोत तर रंगही, असं होत होत शेवटी कुणीतरी म्हणतं, त्यापेक्षा पाडूनच टाकू. माझ्या बोर्डाचं सॉकेट एलजीए ११५५. इंटेलनं ते दोनच पिढ्यांपुरतं ठेवलं आणि २०१३ मध्ये बदललं. त्यात बसणारा सगळ्यात दांडगा आय-सेव्हन शोधून लावला, तरी एचईव्हीसीची मूळ अडचण तशीच राहते. नवा प्रोसेसर म्हणजे नवा बोर्ड, नवा बोर्ड म्हणजे नवी रॅम. आणि रॅमचे भाव २०२५ च्या शेवटाला असे भडकले की विचारू नका, कारण मेमरी बनवणाऱ्यांचा माल एआयच्या डेटा सेंटरांकडे वळला. नौपाड्यातल्या माझ्या नाटकांच्या डीव्हीडींना त्याची झळ लागेल असं कुणाला वाटलं असतं! एवढं सगळं बदलल्यावर जुनं काय उरतं? कॅबिनेट, हार्ड डिस्क आणि पॉवर केबल. याला अपग्रेड म्हणणं हा मनाला दिलेला दिलासा आहे.

चिरंजीव अर्थातच रिडेव्हलपमेंटवाले. त्यांचा प्रस्ताव एन१०० प्रोसेसरच्या मिनी पीसीचा. वस्तू खरोखर गुणी आहे. टीव्हीच्या मागे लटकते, प्रोसेसर सहा वॅटचा, आणि एचईव्हीसीच काय, त्यानंतरची एव्ही१ ही रीत सुद्धा चिपमध्येच उलगडतो. माझ्या आय-थ्रीच्या कागदांवर पंचावन्न वॅट लिहिलेत. या मुद्द्यावर मी गप्प बसलो, कारण विजेचं बिल भरतो मी आणि ते मुलाला माहीत आहे.

पण प्रस्ताव वाचताना मी उलट्या टोकानं विचार करत होतो. या डब्याला आता काम तरी काय उरलंय? २०१२ मध्ये सिनेमे, गाणी, इंटरनेट, फोटो, सगळं तोच करायचा. आता ओटीटी टीव्हीतच आहे, आणि त्या कंपन्या कॉम्प्युटरच्या ब्राउझरला पूर्ण स्पष्ट चित्र द्यायला तशाही कां कू करतात. गाणी फोनवर. उरल्या घरच्या फाइली. आईबाबांच्या पंचाहत्तरीच्या, मुलाच्या मुंजीच्या आणि कोकणातल्या घराच्या वास्तुशांतीच्या कॅसेट डिजिटल करून घेतल्या होत्या, त्या. शिवाय घेऊन ठेवलेल्या डीव्हीडी.

आणि नेमकं हेच काम टीव्हीतल्या प्लेअरला जमत नाही. आपल्याकडच्या जुन्या कॅसेट पाल पद्धतीच्या. सेकंदाला पन्नास अर्धी चित्रं, एकात सम ओळी, दुसऱ्यात विषम. जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही त्या ओळी एकाआड एक रंगवायचा, काही वाटायचं नाही. सपाट टीव्ही सगळ्या ओळी एकदम दाखवतो, म्हणून दोन अर्धी नीट जुळवावी लागतात. नाही जुळवली, की भिक्षावळीत फिरणाऱ्या बटूच्या कडेला करवतीचे दाते फुटतात. आमच्या टीव्हीत पेन ड्राइव्ह लावून पाहिला, सगळे आप्तेष्ट करवतलेले दिसले. कोडीत हे जुळवणं कुठल्या पद्धतीनं करायचं ते निवडता येतं, आणि या कामापुरता माझा आय-थ्री अजून भक्कम आहे. सिनेमाचंही तसंच. सिनेमा सेकंदाला चोवीस चित्रांचा, टीव्ही साठ वेळा पडदा ताजा करणारा. साठाला चोविसानं पूर्ण भाग जात नाही, म्हणून एक चित्र दोनदा, पुढचं तीनदा दाखवतात, आणि कॅमेरा संथ फिरला की चित्र हलकेच अडखळतं. कोडीत एक खूण केली की टीव्हीच चोवीसवर येतो. हा फरक घरात मला एकट्याला दिसतो, हे मान्य.

पावसाळ्यापूर्वी महापालिका धोकादायक इमारतींची यादी काढते, त्यात वर्ग असतात. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडायची. सी-२ए, रिकामी करून दुरुस्त करायची. सी-२बी, माणसं आत ठेवून दुरुस्ती. सी-३, किरकोळ डागडुजी. मी रविवारी कॅबिनेट उघडून ऑडिट केलं. शेजारची बिल्डिंग पाडली तेव्हाची बरीचशी धूळ आमच्याकडे मुक्कामाला आली होती. ती काढली. बोर्डावरचे कपॅसिटर पाहिले, एकाचंही डोकं फुगलेलं नाही. हार्ड डिस्कची तब्येत तपासली आणि दुसऱ्या डिस्कवर सगळं उतरवून घेतलं, कारण इमारत पडली तरी चालेल, माणसं वाचली पाहिजेत. निकाल : सी-२बी.

बायकोनं एवढंच सांगितलं, "अहो, बाहेर काढलंयच तर दोन दिवस तसंच राहू द्या, मला त्या कोपऱ्यात नीट झाडू मारायचाय."

तर आता विंडोज जाईल, लिनक्सवर कोडी येईल, एक छोटी एसएसडी येईल. लग्नाच्या व्हिडिओसाठी जीटी १०३० हे बुटकं ग्राफिक कार्ड. २०१७ चं आहे, तीस वॅटच्या आसपास खातं, जुन्या एसएमपीएसला, म्हणजे आतल्या वीजपुरवठ्याच्या डब्याला, झेपेल, आणि दहा बिटांचं एचईव्हीसी निमूटपणे उलगडतं. एव्ही१ त्यालाही येत नाही, पण आमच्या नातेवाइकांचे फोन अजून तिथवर गेलेले नाहीत. टीव्ही फुल एचडीच आहे. तो ज्या दिवशी जाईल, त्या दिवशी मिनी पीसीचा प्रस्ताव पुन्हा सभेपुढे ठेवायला चिरंजीवांना मुभा आहे.

लॅमिंग्टन रोड, म्हणजे मुंबईतला कॉम्प्युटरच्या सामानाचा बाजार, रविवारी बहुतेक बंद असतो, म्हणून शनिवारी सकाळी. ठाण्याहून फास्टनं दादर, तिथून वेस्टर्नची स्लो, ग्रँट रोड. पंखा, थर्मल पेस्ट, सीआर२०३२ सेल. आणि कार्डाच्या खोक्यावर जीडीडीआर५ लिहिलंय का ते बघून घ्यायचं. त्याच नावाचं डीडीआर४ वालं कार्डही येतं, त्याची मेमरी बरीच हळू, आणि दुकानदार आपण होऊन काही सांगत नाही.