तडा दिसल्यानंतरची सकाळ

२३ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळच्या सावर येथील राणा प्लाझा या आठ मजली इमारतीला मोठे तडे गेलेले दिसले आणि इमारत रिकामी करण्यात आली. दुसऱ्या दिवशी सकाळी खालच्या मजल्यांवरील बँक आणि दुकाने बंदच राहिली. वरच्या पाच शिलाई कारखान्यांतील कामगारांना मात्र पगार कापण्याची धमकी देऊन आत पाठवण्यात आले. वीज गेली, वरच्या मजल्यांवरचे जनरेटर सुरू झाले आणि काही वेळातच इमारत कोसळली. १,१३४ माणसे गेली, त्यांत बहुसंख्य तरुण स्त्रिया होत्या.

तडा सर्वांनाच दिसला होता. बँकेच्या कर्मचाऱ्यांना त्या दिवशी घरी राहता आले, शिवणकाम करणाऱ्यांना राहता आले नाही. त्या पाच कारखान्यांपैकी एकातही कामगार संघटना नव्हती, त्यामुळे ‘आम्ही आत जाणार नाही’ हे वाक्य प्रत्येकाला एकट्याने उच्चारावे लागले असते. त्यांतील काही कारखान्यांची परदेशी ब्रँडांसाठी तपासणी झालेली होती, हे येथे नोंदवायलाच हवे.

बांगलादेशातील संघटना आणि जागतिक कामगार महासंघ यापूर्वीच ब्रँडांकडे कारखान्यांच्या सुरक्षेसाठी बंधनकारक कराराची मागणी करत होते. परंतु २०१२ अखेर केवळ दोन कंपन्यांनी त्यावर सही केली होती. राणा प्लाझानंतर काही आठवड्यांतच इंडस्ट्रीऑल आणि युनी या महासंघांनी ‘अकॉर्ड’ हा पाच वर्षांचा करार घडवून आणला आणि पुढे दोनशेहून अधिक ब्रँड त्यात आले. कंपन्यांनी स्वतःहून जाहीर केलेल्या आचारसंहितांहून हा करार वेगळा होता, कारण तो मोडणाऱ्या ब्रँडला लवादापुढे खेचता येत होते आणि लवादाचा निवाडा ब्रँडच्या स्वतःच्या देशातील न्यायालयातून अमलात आणता येत होता. संघटनांनी २०१६ मध्ये दोन ब्रँडांविरुद्ध हेग येथे असे दावे दाखल केले; त्यांपैकी एक तडजोडीत २३ लाख डॉलरवर मिटला. नियामक समितीवर संघटना आणि ब्रँड यांच्या जागा समसमान होत्या. सोळाशेहून अधिक कारखान्यांची तपासणी झाली. आग लागल्यावर बाहेर पडण्याच्या वाटांवरची कुलपे आणि सरकती जाळीची दारे काढण्यात आली, कमकुवत खांबांना आधार देण्यात आला, आणि दुरुस्तीसाठी कारखाना बंद ठेवावा लागला तर कामगारांना सहा महिन्यांपर्यंत पगार देण्याची तरतूदही करारातच होती. ही शेवटची तरतूद मला सर्वाधिक मोलाची वाटते, कारण चूल बंद पडणार असेल तर धोक्याची तक्रार करायला कोण पुढे येईल?

याच करारात धोकादायक वाटणाऱ्या इमारतीत जाण्यास नकार देण्याचा हक्क होता. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९८१ च्या १५५ व्या कराराच्या १३ व्या कलमातही जीविताला गंभीर आणि तातडीचा धोका असताना कामातून बाजूला होणाऱ्या कामगाराला संरक्षण दिलेले आहे, आणि २०२२ मध्ये सुरक्षित व निरोगी कार्यस्थळ हे मूलभूत तत्त्व म्हणून स्वीकारले गेले. भोपाळनंतर १९८७ मध्ये आपल्या कारखाने कायद्यात जी दुरुस्ती झाली, तिने धोकादायक प्रक्रियांच्या कारखान्यांत सुरक्षा समिती आणली आणि कामगाराला आसन्न धोक्याची सूचना देण्याचा हक्कही दिला. सूचना देणे आणि काम थांबवणे यांतले अंतर मी स्वतः अनुभवले आहे. भोसरीतील एका कारखान्यात मी कामगार प्रतिनिधी असताना उत्पादन वाढवण्यासाठी पॉवर प्रेसचे गार्ड, म्हणजे हात यंत्रात जाऊ नये म्हणून लावलेले आडोसे, काढून ठेवले जात असत. मी ते तीन बैठकांत मांडले आणि तिन्ही वेळा इतिवृत्तात ‘विषयाची नोंद घेतली’ एवढेच लिहिले गेले. चौथ्या बैठकीच्या आधी एका कंत्राटी मुलाची दोन बोटे गेली. तो आमच्या संघटनेचा सभासद नव्हता, कारण कंत्राटी कामगारांना आम्हीच सभासद करून घेत नव्हतो. त्या निर्णयाला माझेही मत होते आणि त्याची खंत मला आजही आहे.

अकॉर्डचे बांगलादेशातील काम २०२० मध्ये एका स्थानिक मंडळाकडे गेले आणि त्यात कारखानदारांनाही जागा मिळाल्या, ज्याची तिथल्या संघटनांना चिंता वाटत होती. पाकिस्तानात तसाच करार २०२३ मध्ये सुरू झाला. २०१२ मध्ये कराचीतील अली एंटरप्रायझेस कारखान्याच्या आगीत अडीचशेहून अधिक कामगार मरण पावले होते. त्या आगीपासून या करारापर्यंत दहा वर्षांहून अधिक काळ लोटला होता.