आमची वाटचाल : पोवई नाक्यावरचं रॅमचं दुकान

साताऱ्यात लॅपटॉप रखडायला लागला की लोक आधी आमच्याकडे येतात, याचा मला अभिमान आहे. पोवई नाक्याजवळ मी आणि माझ्या मामेभावाने गाळा घेतला तेव्हा डीडीआर२ या जुन्या पिढीच्या रॅमची, म्हणजे चालू काम धरून ठेवणाऱ्या मेमरीची, चलती होती. पहाटेची एसटी धरून स्वारगेट, तिथून पुण्यातला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार तपकीर गल्ली, आणि संध्याकाळी माल पोटाशी धरून परत. मामेभावाने तेव्हा पारखून घेतलेला स्क्रूड्रायव्हरचा सेट आजही टेबलावर आहे. शेजारी मऊ ब्रश आणि साधं शाळेतलं खोडरबर. रॅमच्या पट्टीचे, म्हणजे स्टिकचे, सोनेरी पाय काळवंडले की मशीन नुसतं बीप देतं, डिस्प्ले येत नाही. खोडरबराने हलक्या हाताने पुसलं की बऱ्याचदा तेवढ्यावर काम होतं. त्याचे आम्ही पैसे घेत नाही, कधी घेतलेही नाहीत.

२०१७-१८ मात्र विसरता येत नाही. जगभर रॅमचे भाव चढले होते. गिऱ्हाईक भाव ऐकून पायरीवरूनच मागे फिरायचं. नेमकं तेव्हाच समोर एक दुकान उघडलं आणि बाहेर अर्ध्या भावाची पाटी लागली. माल कुठला, हे आम्हाला बघताक्षणी कळलं. कंपन्यांच्या भंगारात निघालेल्या मशीनमधून काढलेल्या स्टिका, वर नवीन स्टिकर. जुना माल वाईट नसतो. आम्हीही विकतो, पण जुना म्हणून, जुन्याच्या भावात. समोरचा मात्र तोच माल नवा म्हणून विकायचा आणि वर आम्हालाच लुटारू म्हणायचा. ज्यांची मशीन आम्ही रात्री जागून दुरुस्त केली, ते लोक नजर चुकवून समोर जाऊ लागले. भाडं थकलं. होलसेलवाल्याने उधारी बंद केली. मामेभाऊ कंटाळून पुण्याला नोकरीवर गेला. त्याला मी दोष देत नाही, पण समोरच्याला अजून माफही केलेलं नाही.

त्या दिवसांत आमच्याकडे येणं न सोडलेल्या एकच, कोर्टाजवळच्या डीटीपीवाल्या ताई. लग्नसराईत कोरल आणि फोटोशॉप ही डिझाइनची सॉफ्टवेअर एकदम उघडून पत्रिका करायच्या, म्हणून रॅमचं मोल त्यांना पक्कं ठाऊक. एक दिवस भाचीचा लॅपटॉप घेऊन आल्या. इंटेलचा आय-फाइव्ह प्रोसेसर, चौथी जनरेशन. समोरून आठ जीबी टाकून घेतली, तर मशीन सुरूच होईना. “मदरबोर्ड गेला, भंगारात द्या, मी घेतो,” असं त्याने सांगितलं होतं. मी मागचं झाकण काढलं. स्टिकरवर पीसी३-१२८००एस. तीननंतर एल नाही. म्हणजे दीड व्होल्टची डीडीआर३, आणि चौथ्या जनरेशनच्या लॅपटॉपला लागते १.३५ व्होल्टची डीडीआर३एल. खाच तीच, पिना त्याच २०४, त्यामुळे बसते बरोबर, चालत मात्र नाही. पीसी३एलची स्टिक लावली, बटण दाबलं, डिस्प्ले आला. ताई काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून कोर्टातले टायपिस्ट, झेरॉक्सवाले, दोन वकील आमच्याकडे यायला लागले. ताईंनी पाठवलंय, एवढंच सांगायचे.

तेव्हापासून आमच्याकडे प्रत्येक स्टिकवर मेमटेस्ट, म्हणजे मेमरी तपासणारा प्रोग्रॅम, चालते, शक्यतो रात्रभर, आणि चुकीची लाल ओळ आली तर ती स्टिक विकायची नाही. काढलेली जुनी रॅम गिऱ्हाइकाच्या हातात परत. समोरचं दुकान पुढे बंद झालं. त्याच्या मालाची वॉरंटी मागायला लोक अजून माझ्याकडे येतात.

आता कुणी विचारलं नाही तरी सांगतो. हार्ड डिस्क जुन्या पद्धतीची असेल तर आधी एसएसडी, म्हणजे चिपवाली वेगवान डिस्क, टाका, रॅमचं नंतर बघू. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये मेमरीवर जा. नेहमीचं काम करतानाच ती ८०-९० टक्के भरत असेल, तरच खर्च करा. स्लॉट किती आणि रिकामे किती, हेही तिथेच दिसतं. मशीन २४०० वेगाचं असेल तर ३२०० वेगाची स्टिकही २४००नेच धावते, वेगासाठी जादा पैसे मोजू नका. एका मोठ्या स्टिकपेक्षा सारख्या दोन लावल्या तर ड्युअल चॅनेलचा, म्हणजे दोन्हीतून एकदम डेटा ये-जा करण्याचा, फायदा मिळतो, पण पुढे वाढवायची असेल तर एक स्लॉट मोकळा ठेवा. पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते, तिथे आमचाही इलाज चालत नाही. म्हणून विकत घेतानाच विचारा.

२०२५च्या अखेरीस भाव पुन्हा भडकले. एआयच्या डेटा सेंटरसाठी मेमरीचे कारखाने तिकडे वळले, आणि मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉनने तर आपल्या क्रूशियल ब्रँडचा किरकोळ धंदाच गुंडाळायचं जाहीर केलं. अशा वेळी तपासलेली जुनी डीडीआर४ घेणं शहाणपणाचं. आमच्याकडे अशा स्टिकांचा वेगळा डबा आहे, प्रत्येकीवर टेस्टची तारीख लिहिलेली. येताना लॅपटॉप आणि चार्जर दोन्ही आणा. फोनवर मॉडेल नंबर सांगून रॅम मागवू नका. एकाच मॉडेलमध्ये कंपन्या वेगवेगळे बोर्ड घालतात, झाकण उघडून बघितल्याशिवाय मी कुणाला स्टिक देत नाही.