एकादशी, आईचे गुडघे आणि साल्वादोर

"थंय सूर्य दर्यात बुडता काय गो?"

आईचा पहिला प्रश्न हा. मी तिला फोनवर विमानाच्या वेळा, हॉटेलचे दर, काय काय बघायचं ते सांगत होते. तिने सगळं ऐकून घेतलं आणि मग हे विचारलं. मी गप्प. ब्राझीलचा किनारा पूर्वेकडे तोंड करून बसलेला. सूर्य समुद्रातून वर येतो आणि संध्याकाळी इमारतींच्या मागे कुठेतरी जातो. आईचं अख्खं आयुष्य वेंगुर्ल्याच्या बंदरावर मावळती बघण्यात गेलेलं.

आम्ही दोन वर्षांपासून ब्राझीलमध्ये काम्पिनासला राहतो, नवऱ्याच्या नोकरीमुळे. आई नोव्हेंबरमध्ये पहिल्यांदाच येतेय. वय सदुसष्ट, गुडघे त्याहून म्हातारे. तीन दिवसांसाठी तिला एखादं समुद्राकाठचं शहर दाखवायचं ठरलं. रिओ आमचं बघून झालंय, म्हणून ईशान्य किनाऱ्यावरचं साल्वादोर. २० नोव्हेंबरला इथे झुंबी दोस पाल्मारेसच्या स्मृतिदिनाची राष्ट्रीय सुट्टी असते. पळून गेलेल्या गुलामांच्या वस्तीचा हा पुढारी १६९५ साली त्या दिवशी मारला गेला. यंदा ती सुट्टी शुक्रवारी येते, म्हणजे शुक्र-शनि-रवि सलग मिळतात. हे अख्ख्या देशाला माहीत असल्यामुळे तिकिटांचे भाव विचारू नका.

तर सूर्य. नकाशा नीट बघितल्यावर जीव भांड्यात पडला. साल्वादोर एका त्रिकोणी भूशिरावर आहे. एका बाजूला अटलांटिक, दुसऱ्या बाजूला सर्व संतांचं आखात. टोकाशी दीपगृह आणि त्याच्या आतल्या अंगाला पोर्तो दा बारा हा छोटा किनारा, पश्चिमेकडे तोंड असलेला. म्हणजे तिथे सूर्य पाण्यातच बुडतो, नोव्हेंबरात पावणेसहाच्या सुमाराला. बुडताना लोक टाळ्या वाजवतात म्हणे. आईला हे सांगितल्यावर ती म्हणाली, "टाळये कित्याक? तो रोजच बुडता." पण राहायची जागा तिथेच घ्यायची हे पक्कं झालं.

पहिलं हॉटेल चुकलं. फोटोत सुंदर, खोली तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. हे मला पैसे भरल्यावर कळलं, आणि अर्धेच परत मिळाले. आता मी बुकिंग करण्याआधी फोन करून माझ्या मोडक्या पोर्तुगीजमध्ये दोनच गोष्टी विचारते: लिफ्ट आहे का, आणि ती चालते का.

दुसरी अडचण आईनेच काढली. कालनिर्णय चाळून म्हणाली, वीस तारखेला कार्तिकी एकादशी. मी म्हटलं, इथलं घड्याळ साडेआठ तास मागे आहे, तिथी कुठून मोजायची? "कालनिर्णय म्हणता तां." विषय संपला.

आणि मी तर शुक्रवारी संध्याकाळी अकाराजे खायचा बेत करून बसले होते! साल्वादोरला जाऊन अकाराजे न खाणं म्हणजे मालवणला जाऊन मासे न खाणं. चवळी भिजवून, सालं काढून, कांद्याबरोबर वाटायची आणि त्याचे मोठाले वडे देंदे नावाच्या लालभडक पामतेलात तळायचे. मग वडा मधोमध चिरून त्यात वातापा (पाव, नारळाचं दूध आणि सुक्या कोळंबीचं घट्ट सारण), भेंडीचं कारुरू आणि वरून कोळंबी. पश्चिम आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या लोकांबरोबर हा पदार्थ इथे आला. त्याच लोकांच्या परंपरेतून इथे रुजलेल्या कांदोम्ब्ले धर्मात तो देवीचा नैवेद्यही आहे. पांढऱ्या लेसचे घेरदार झगे घातलेल्या, गळ्यात माळा असलेल्या बायका रस्त्यावर तो तळून देतात. आई म्हणाली, "सुकट घातलेलो वडो?" आवाजात शंका होती, पण भूकही होती. असो. अकाराजे शनिवारी, द्वादशीला, साल्वादोरच्या रिओ व्हेर्मेल्यो भागातल्या चौकात. तिखट हवं असेल तर ते 'केंती', म्हणजे 'गरम' म्हणून मागायचं असतं. इथल्या तिखटाला आई काय म्हणेल ते मला ठाऊक आहे.

मग शुक्रवारी काय खायचं, याची काळजी करता करता गंमतच लक्षात आली. आपला साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो मुळात इथला. बाईयामध्ये, म्हणजे साल्वादोर ज्या राज्यात आहे तिथे, त्याच कंदाच्या पिठाला तापिओका म्हणतात. ते ओलसर पीठ कोरड्या तव्यावर पसरलं की आपोआप चिकटून पांढरी शुभ्र घावनासारखी पोळी होते. आत ओला नारळ घालून देतात. शेंगदाणा, बटाटा, मिरची ही मंडळीही दक्षिण अमेरिकेतूनच आपल्याकडे पोचली. एकादशीचं अर्धं ताट पोर्तुगीजांच्या गलबतांतून आलेलं! हे आईला सांगितलं तर तिने पोर्तुगीजांबद्दल एक शब्द वापरला तो इथे लिहीत नाही. तापिओका मात्र मंजूर झाला, नारळपाण्यासकट.

काजूही इथलाच. आमच्याकडे बोंडू मार्च ते मे, इथे ईशान्य किनाऱ्यावर नोव्हेंबरात मिळतो. आमच्या बागेत बी काढून घेतात आणि बोंडू कुजत पडतात. इथे त्याचा रस ग्लासातून विकतात. आईला हे दाखवायची मला फार घाई आहे.

शनिवारची सकाळ पेलोरिन्योसाठी, म्हणजे साल्वादोरच्या जुन्या भागासाठी ठेवलीय. रंगीत घरं, दगडी उतार. नावाचा अर्थ मात्र फटक्यांचा खांब. गुलामांना तिथे बांधून मारत. १५४९ साली वसलेलं हे शहर १७६३ पर्यंत ब्राझीलची राजधानी होतं, आणि त्या सगळ्या वैभवाखाली काय होतं ते या एका नावात आहे. सोन्याने मढवलेलं साओ फ्रान्सिस्को चर्च मी यादीतून खोडलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याचं छत कोसळून एक पर्यटक तरुणी गेली. खालच्या शहरात उतरायला १८७३ पासूनची लासेर्दा लिफ्ट आहे, ७२ मीटर उंचीची. अर्ध्या मिनिटात खाली, समोरच मेर्कादो मोदेलो हा बाजार. गुडघ्यांसाठी यापेक्षा चांगली सोय नाही.

पेलोरिन्योतच 'फिल्योस दे गांधी'चं ठाणं आहे. गांधीहत्येनंतरच्या वर्षी, १९४९ मध्ये, बंदरावरच्या हमालांनी गांधींच्या नावाने कार्निव्हलचा हा जथा काढला. अजूनही कार्निव्हलमध्ये हजारो पुरुष पांढरे झगे, टॉवेलची पांढरी मुंडाशी आणि निळ्या-पांढऱ्या मण्यांच्या माळा घालून निघतात. आमचे आजोबा सेवा दलातले. त्यांची मुलगी या दाराशी उभी असलेला एक फोटो मला हवाय.

शुक्रवार बोनफिमच्या चर्चसाठी. साल्वादोरमध्ये शुक्रवारी कांदोम्ब्लेतल्या ओशाला देवासाठी पांढरे कपडे घालायची रीत आहे. मी उत्साहाने सांगितलं, आपणही पांढरं नेसू. पलीकडे जरा शांतता. मग, "पांढरां लुगडां मी नेसूचंय नाय." बाबांना जाऊन चार वर्षं झाली. मीच मूर्ख. अबोली रंगाची साडी घेऊन येतेय ती.

बोनफिमला रंगीत फिती मिळतात, सत्तेचाळीस सेंटिमीटरच्या. तिथल्या ख्रिस्ताच्या मूर्तीच्या हाताइतकी ती लांबी म्हणे. मनगटाला तीन गाठी मारायच्या, प्रत्येक गाठीला एक इच्छा, आणि आपोआप तुटेपर्यंत काढायची नाही. पोर्तुगीजमध्ये तिला फीता म्हणतात. आपली 'फीत' तिथूनच आलेली, 'चावी' आणि 'पाव' यांच्यासारखी. आईला शब्दाचं काही वाटलं नाही. तिने विचारलं, ती किती दिवस हातात ठेवायची? महिनोन्महिने, मी म्हटलं.

"हाताक नको गो, पिठात रंग उतरतलो. थंयच गजाक बांधूया."

चर्चच्या बाहेरच्या गजांना हजारो फिती बांधलेल्या असतात, हे मी तिला अजून सांगितलंच नव्हतं.