मोझॅक: चुना, दगड, काच आणि ठाण्याची हवा

मोझॅक म्हणजे दगड-काचेचे छोटे तुकडे बसवून केलेली नक्षी. ते सुटतं ते बहुतेकदा खालच्या थरामुळे. जुन्या पद्धतीत हा थर चुन्याचा. कळीचा (भाजलेला, पाणी न लागलेला) चुना पाण्यात विरवून निदान महिनाभर पाण्याखाली ठेवावा. घाई केली तर न विरलेले खडे नंतर भिंतीत फुगतात आणि वरचे तुकडे उडवतात. प्रमाण: १ भाग चुना, दीड भाग चाळलेली रेती, दीड भाग सुरखी (विटांची पूड). रेती धुतलेलीच घ्या; खारट असेल तर सांध्यांतून पांढरे क्षार फुटतात. ठाणे, ऐरोली अशा खाडीकाठी हवाही दमट, त्यामुळे हा त्रास लवकर दिसतो.

थर तेवढाच लावा, जेवढ्यावर त्याच दिवशी तुकडे बसतील. तुकडा निम्म्याहून जास्त रुतायला हवा. पावसाळ्यात चुन्याचं काम नकोच: भिंत ओली राहिली की हवेतला कार्बन डायऑक्साइड आत पोचत नाही आणि चुना घट्ट होत नाही. एप्रिल-मे महिन्यांत उलट: चुना फार लवकर सुकतो. आठवडाभर ओलं गोणपाट हवं, नाहीतर तडे.

संगमरवराचे तुकडे उभ्या छिन्नीवर ठेवून हातोडीने फोडतात. स्माल्टी ही इटालियन अपारदर्शक काच. तिची फोडलेली बाजू वर ठेवतात, चमक तिथेच असते. सोनेरी तुकड्यात सोन्याचा वर्ख दोन काचांमध्ये असतो. महाग प्रकरण!

गच्चीवरचं चायना मोझॅक, म्हणजे फुटक्या टाइल्स-कपबश्यांच्या तुकड्यांचं, स्वस्त. पण त्यात भिंतीच्या ग्लेझ (वर काचेसारखा चकचकीत लेप असलेल्या) टाइल्स वापरू नका. त्यांचं अंग पाणी पितं, फुगतं आणि ग्लेझला बारीक तडे जातात. पोर्सेलिनच्या फुटक्या कपबश्या त्यापेक्षा बऱ्या.